हरवलं म्हणून उरलं

लहानपणी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला तांब्याचा ताईत असायचा. करंगळीच्या पेराएवढी नळी, दोन्ही तोंडं लाखेनं बंद. आत काय आहे ते विचारायचं नाही आणि उघडायचा तर मुळीच नाही, उघडला की गुण जातो, असं आजीनं बजावलेलं. त्यामुळे चौथीत असताना मी तो कर्कटकानं उघडलाच. आत कागदाची घट्ट सुरळी होती आणि तिच्यावर घामानं पसरलेली शाई. एक अक्षर लागलं नाही. कागद आजीनं माझ्याच हातानं ओढ्यात सोडायला लावला. नळी परसात कुठेतरी पडली, ती पडलीच.

हे आठवलं ते इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या संग्रहालयात असलेल्या एका सोन्याच्या दागिन्याबद्दल वाचताना. ‘मिडलहॅम ज्युएल’ या नावानं तो ओळखला जातो. तिथले लोक त्याला पेंडंट म्हणतात. मला विचाराल तर तो ताईत आहे. तांब्याऐवजी सोनं आणि लाखेऐवजी सरकतं झाकण, एवढाच फरक. तोही उघडला गेला आणि त्याच्याही आत काहीतरी होतं.

गोष्ट १९८५ सालची. उत्तर यॉर्कशरमध्ये मिडलहॅम नावाचं एक छोटं गाव आहे आणि गावात एका मोठ्या किल्ल्याचे अवशेष. किल्ल्याजवळच्या परिसरात एक हौशी माणूस मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होता. यंत्र वाजलं, त्यानं खणलं, आणि सुमारे ३८ सेंटिमीटर खाली मातीनं लडबडलेली एक चपटी वस्तू लागली. धुऊन निघाली तेव्हा ती पंधराव्या शतकातली निघाली, आणि तिच्या तोडीचा दागिना त्या देशात दुसरा दाखवणं अवघड.

आकार शंकरपाळ्यासारखा. उंची साडेसहा सेंटिमीटरच्या आत, रुंदी पाचाच्या आत, वजन ६८ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानं जेमतेम सहा तोळे. दर्शनी बाजूला वरच्या कोपऱ्यात निळाशार नीलम. त्याखाली सोन्यावर कोरलेलं ख्रिस्ती त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं चित्र, त्यात क्रुसावरचा येशू. मागच्या बाजूला येशूचा जन्म आणि देवाचं कोकरू, भोवतीनं पंधरा संतांची ओळ. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत चेहरे आहेत, वस्त्रांच्या चुण्या आहेत. कारागिरानं हे सगळं नुसत्या डोळ्यानं कोरलं असेल तर कठीणच आहे.

पण खरी गंमत आहे कडेनं कोरलेल्या अक्षरांत. पहिली ओळ लॅटिन आणि थेट मिस्सातली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली: हा पाहा देवाचा कोकरा, जगाची पापं हरण करणारा, आमच्यावर दया कर. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकांना ही ओळ पाठ असेल. इथवर सगळं चर्चच्या चौकटीतलं. मग लगेच दोन शब्द येतात, ‘टेट्राग्रामाटॉन’ आणि ‘अनानिझाप्ता’, आणि आपण चर्चच्या पायऱ्या उतरून मंत्रतंत्राच्या गल्लीत शिरतो.

टेट्राग्रामाटॉन म्हणजे ग्रीक भाषेत ‘चार अक्षरी’. हिब्रू परंपरेत देवाचं नाव चार अक्षरांचं, पण ते उच्चारायचं नाही. मग नाव न घेता ‘चार अक्षरी’ एवढंच म्हणायचं. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘अहो’ आणि ‘आमच्याकडे’ यांवर पिढ्यान्‌पिढ्या भागलं, तसलीच ही सोय. दुसरा शब्द अनानिझाप्ता. याचा धड अर्थ कुठल्याच भाषेत लागत नाही. तो अर्थासाठी नव्हताच, गुणासाठी होता. फेफरं येऊ नये म्हणून हा शब्द म्हणत, लिहीत, अंगावर बाळगत.

नीलमाचाही तसाच उपयोग. आपल्याकडे नीलम म्हटलं की शनी आठवतो आणि लोक आधी उशाखाली ठेवून बघतात, मानवला तरच घालतात. मध्ययुगीन युरोपात मात्र तो स्वर्गाच्या रंगाचा खडा. रत्नांचे गुणधर्म सांगणाऱ्या त्या काळच्या ग्रंथांत तो अंगातली उष्णता कमी करतो, डोळ्यांना बरा, मत्सर आणि कपट यांपासून राखतो, असं लिहिलेलं असे. त्या काळात युरोपात पोचणारे चांगले नीलम बरेचसे सिंहलद्वीपातून जात, म्हणजे आपल्याच समुद्रातून. या ताइतावरचा खडा कुठल्या खाणीतला ते बाजूला ठेवू, पण असे खडे ज्या वाटेनं जात ती वाट आपल्या किनाऱ्याला नवी नव्हती.

आता आतलं. मागची पट्टी सरकते आणि आत पोकळी आहे. तज्ज्ञांनी ती उघडली तेव्हा आत रेशमाचे, सोन्याच्या जरीचे बारीक गोल तुकडे मिळाले. तीन पूर्ण, एक अर्धा. एखाद्या संताच्या वस्त्राचा किंवा पवित्र स्थानी टेकवलेल्या कापडाचा तुकडा जवळ बाळगायची तेव्हा पद्धत होती, हेही तसंच असावं असा अंदाज आहे.

हे सगळं एकत्र ठेवलं, म्हणजे येशूचा जन्म, संतांची ओळ, फेफऱ्याचा मंत्र आणि गारवा देणारा खडा, की बरेच अभ्यासक एका गोष्टीकडे बोट दाखवतात: बाळंतपण. हा दागिना श्रीमंत घरातल्या एखाद्या गरोदर बाईसाठी केलेला असावा.

बाळंतपण तेव्हा राणीसाठीही जिवावरचा खेळ होता. औषध फारसं नव्हतं, धीर मात्र मिळेल तिथून गोळा करत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत येशूच्या आईचा, मरियेचा म्हणून सांगितलेला एक कमरपट्टा होता, तो राण्यांच्या बाळंतपणाला नेत. ज्यांच्याकडे एवढी पोच नव्हती त्या चर्मपत्राच्या लांब पट्ट्यांवर प्रार्थना लिहून घेत आणि पोटाभोवती बांधत. लंडनच्या वेलकम संग्रहातली अशी एक पट्टी शास्त्रज्ञांनी तपासली, त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. पट्टीवर मध, दूध आणि धान्य यांचे अंश होते, शिवाय बाळंतपणात अंगावरून जाणाऱ्या स्रावाचेही. म्हणजे पट्टी पेटीत ठेवून पूजा केलेली नव्हती, खरंच बांधलेली होती. मला हा शोध सोन्याच्या कुठल्याही शोधापेक्षा जास्त भिडला.

याच गोष्टीचा एक धागा २०२० साली पुन्हा हाती आला. यॉर्कजवळ शेरिफ हटन भागातल्या शेतात डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका बाईंना सोन्याचं एक इवलंसं पुस्तक सापडलं. लांबी दीड सेंटिमीटर. उघडलेल्या पुस्तकासारखा आकार, दोन पानांवर दोन संत कोरलेले, लिओनार्ड आणि मार्गारेट. मार्गारेटची कथा अशी की अजगरानं तिला गिळलं आणि ती हातातल्या क्रुसासह त्याचं पोट फाडून सुखरूप बाहेर आली. पोटातून सुखरूप बाहेर येणारी संत बाळंतिणींची रक्षणकर्ती ठरली नसती तरच नवल. लिओनार्ड बंदिवानांना सोडवणारा, आणि अडलेल्या बाईलाही. शेरिफ हटनचा किल्ला आणि मिडलहॅमचा किल्ला, दोन्ही आधी नेव्हिल घराण्याकडे होते आणि मग राजा तिसरा रिचर्ड याच्याकडे आले. रिचर्डच्या बायकोचं, ॲन नेव्हिलचं, एकुलतं मूल मिडलहॅमलाच जन्मलं. यावरून लोक पटापट गाठी मारतात की ताईत तिचाच. पुरावा काही नाही. मिडलहॅमच्या किल्ल्यात मोठ्या घरच्या गरोदर बाया काही एकट्या ॲनच्या वेळीच नव्हत्या.

असले दागिने त्या काळी मूठभर नव्हते. श्रीमंतांच्या जुन्या याद्या आणि मृत्युपत्रं पाहिली तर त्यांत क्रूस, जपमाळा, संतांच्या अंगठ्या आणि अवशेष ठेवायच्या सोन्याच्या डब्या जागोजागी दिसतात. मग गेल्या कुठे?

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानं १५३४ साली रोमच्या पोपशी संबंध तोडले. पुढच्या काही वर्षांत मठ बंद झाले, तीर्थस्थानं मोडली गेली. कँटरबरीला संत टॉमस बेकेटची समाधी होती, इंग्लंडची पंढरीच म्हणा. हा आर्चबिशप ११७० साली आपल्याच कॅथेड्रलमध्ये मारला गेला, तीन वर्षांत संत झाला, आणि मग साडेतीनशे वर्षं लोक पायी त्याच्या दर्शनाला येत राहिले. ही समाधी १५३८ साली उद्‌ध्वस्त केली, सोनं-रत्नं राजाच्या खजिन्यात गेली आणि प्रार्थनापुस्तकांतून त्याचं नाव खोडून टाकायचा हुकूम निघाला. संतांच्या अवशेषांवरची श्रद्धा आता भोळसटपणा ठरली, मग उघड अंधश्रद्धा. सोनं मात्र सोनंच राहिलं. ते वितळलं, त्याची नाणी झाली, नव्या घाटाचे दागिने झाले. आपल्याकडे सासूच्या जुन्या पाटल्या मोडून सुनेच्या बांगड्या होतात, तिथे त्याला धर्माचीही फूस मिळाली.

घरात जपून ठेवलेलं असं गेलं. जे राहिलं ते मुख्यतः मातीत: घोड्यावरून जाताना साखळी तुटून पडलेलं, कापणीच्या वेळी बोटातून निसटलेलं, शेणखताच्या गाडीतून वाड्यातल्या केरासोबत शेतात गेलेलं. ज्या दिवशी तो ताईत पडला त्या दिवशी मिडलहॅममध्ये कुणीतरी किती आकांत केला असेल! नोकरांवर आळ आला असेल, वाट दहादा शोधली असेल. सापडला असता तर शंभर वर्षांच्या आत मुशीत गेला असता. सापडला नाही म्हणून आज काचेमागे आहे.

सोनं जमिनीत का टिकतं, तर ते गंजत नाही. चांदी काळी पडते, शिशावर पांढुरकी बुरशी चढल्यासारखी होते, लोखंडाचा तर लगदा होतो. सोनं पाचशे वर्षांनी बाहेर काढलं तरी अंगठ्यानं पुसा, लखलखतं.

आता ते यंत्र. आपली आणि मेटल डिटेक्टरची ओळख मॉलच्या दारातली, जिथे तो सगळ्यांसाठीच वाजतो आणि कुणालाच अडवत नाही. शेतात फिरवायचा डिटेक्टर म्हणजे लांब दांडी, तिच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज सोडली की चकतीखाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तेही तितक्याच वेळा उलटसुलट होत राहतं. या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे उठतात. हे भोवरे स्वतःचं दुबळं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. चकतीतलं दुसरं वेटोळं ते पकडतं आणि हेडफोनमध्ये सूर उमटतो. विहिरीत हाक मारावी आणि तळाशी पाणी आहे की कोरडा खडक ते घुमण्यावरून ओळखावं, तसा प्रकार.

यंत्र नुसतं वाजत नाही, कशासाठी वाजतंय त्याचाही अंदाज देतं. हाक आणि तिचा पडसाद यांच्यात जो क्षणाचा फरक पडतो तो लोखंडाचा वेगळा आणि तांब्या-चांदीचा वेगळा. त्यामुळे गंजके खिळे वगळून बाकीच्यासाठीच वाज, असं यंत्राला सांगता येतं. गोची होते ती सोन्याची. पातळ किंवा बारीक सोन्याचा सूर ॲल्युमिनियमच्या सुराशी मिळताजुळता असतो. म्हणजे चॉकलेटवरची चांदी आणि शीतपेयाच्या डब्याची कडी या दोन्ही यंत्राच्या कानाला सोन्यासारख्या वाटतात. जो कडीला कंटाळून तो सूर बंद करतो तो कचऱ्यासोबत अंगठीही सोडून जातो. अनुभवी लोक म्हणूनच कड्या वेचत बसतात, खिसे भरून.

खोलीचंही गणित आहे. नाण्याएवढी वस्तू असेल तर वीसएक सेंटिमीटरपर्यंत चांगला सूर येतो, त्याखाली तो विरत जातो. मिडलहॅमचा ताईत जवळजवळ दुप्पट खोल होता. पण तो रुंद, चपटा आणि सोन्याचा, म्हणजे विजेच्या भोवऱ्यांना मोठं अंगण मिळालं. तेवढंच सोनं सुपारीसारखं गोळीबंद असतं तर कदाचित कळलंही नसतं. आणि यंत्राला दिसलं ते फक्त सोनं. नीलम त्याच्या लेखी दगड, रेशीम त्याच्या लेखी काहीच नाही. आतली जरीची चकती त्याच्या हिशेबात नव्हतीच.

मूळ कल्पना बरीच जुनी. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं १८८१ साली असंच यंत्र घेऊन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायचा प्रयत्न केला. गोळी काही सापडली नाही. पलंगात धातूच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोळ घातला असं म्हणतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायला हातात धरायचं यंत्र आलं आणि त्याचीच हलकी, स्वस्त भावंडं १९७० च्या दशकात ब्रिटिश छंदवाल्यांच्या हातात पडली.

पुरातत्त्ववाल्यांना हे मुळीच आवडलं नाही. १९८० साली त्यांनी या छंदाविरुद्ध मोहीमच काढली. त्यांचं दुखणं समजून घ्यायला हवं. त्यांना वस्तूपेक्षा जागा महत्त्वाची. ताईत कुठल्या थरात होता, शेजारी काय होतं, वाट तिथून जात होती की घर होतं, हे सगळं खड्डा उकरला की कायमचं गेलं. उलट छंदवाले म्हणत, नांगर दरवर्षी ही शेतं उलथतोय, त्याच्या फाळाखाली अंगठ्या चेचल्या जातायत, आम्ही नाही काढल्या तर त्या संपणारच. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण इतकं चाललं.

त्यात कायदा विचित्र. १९९७ पर्यंत इंग्लंडमध्ये जो नियम होता तो मध्ययुगातून चालत आलेला: सोन्या-चांदीची वस्तू परत येऊन काढायच्या हेतूनं लपवलेली असेल आणि मालक अज्ञात असेल तरच ती राजाची. हरवलेली असेल, मेलेल्यासोबत पुरलेली असेल, तर नाही. हे ठरवणारा अधिकारी म्हणजे कॉरोनर, जो एरवी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो. पाचशे-हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात काय होतं ते त्यानं ओळखायचं! १९३९ साली सटन हू इथे जहाजासह पुरलेल्या राजाचं अफाट धन निघालं तेव्हा चौकशीत ठरलं की हे परत काढायला पुरलेलं नाही, म्हणून ते जमीनमालकीणबाईंचं. त्यांनी ते सगळं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं. प्रत्येक मालक एवढ्या मोठ्या मनाचा नसतो.

मिडलहॅमचा ताईत लपवलेला नव्हे, हरवलेला ठरला. त्यामुळे तो सरकारजमा झाला नाही. डिसेंबर १९८६ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात तो सुमारे १३ लाख पौंडांना गेला. घेणारा खासगी संग्राहक. पुढे तो देशाबाहेर जायची वेळ आली तेव्हा सरकारनं निर्यातीचा परवाना रोखला आणि यॉर्कशर म्युझियमला पैसे उभे करायला सवड मिळाली. देणग्या, राष्ट्रीय वारसा निधी, लोकवर्गणी असं करत १९९२ पर्यंत २५ लाख पौंड जमले आणि ताईत यॉर्कला आला. सहा वर्षांत किंमत जवळजवळ दुप्पट, आणि भरली ती लोकांच्या पैशातून. पहिल्याच दिवशी कायदा शहाणा असता तर एवढं करावं लागलं नसतं.

शहाणा कायदा १९९६ साली झाला आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये लागू झाला. आता हेतूची भानगड नाही. वस्तू तीनशे वर्षांहून जुनी आणि तिच्यात वजनाच्या किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असेल तर ती खजिना, मग हरवलेली असो की पुरलेली. सापडल्यापासून १४ दिवसांत कळवायचं. संग्रहालयाला हवी असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभाव ठरवते आणि तेवढं बक्षीस मिळतं, बहुधा शोधणारा आणि जमीनमालक निम्मं निम्मं. २०२३ पासून आणखी एक दार उघडलं: दोनशे वर्षांहून जुनी आणि इतिहासाच्या दृष्टीनं खास महत्त्वाची वस्तू सोन्या-चांदीची नसली तरी खजिना ठरू शकते.

सोबत एक स्वेच्छा-नोंदणी योजना आली, ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’. खजिना न ठरणाऱ्या वस्तूही लोक जिल्ह्यातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला नेऊन दाखवतात, तो फोटो काढतो, वजन-माप घेतो, जागा नकाशावर टिपतो आणि वस्तू परत देतो. या नोंदी आज १५ लाखांच्या पुढे आहेत आणि बहुतेक डिटेक्टरवाल्यांच्या. एकेकाळी ज्यांच्याविरुद्ध मोहीम काढली त्यांच्याच हातून हा ढीग जमला.

लपवणारे अर्थात आहेतच. रात्री परवानगीशिवाय शेतात शिरणाऱ्यांना तिकडे ‘नाइटहॉक’ म्हणतात. २०१५ साली लेमिन्स्टरजवळ दोघांना व्हायकिंगांच्या काळातलं धन सापडलं. सोन्याची अंगठी, कडं, स्फटिकाचा लोलक आणि अंदाजे तीनशे नाणी. त्यांनी कळवलं नाही, विकायला काढलं. २०१९ साली एकाला दहा वर्षं आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षं कैद सुनावली गेली. नाण्यांपैकी हाती लागली फक्त तीसएक. कायद्यानं कळवलं असतं तर दोघं श्रीमंत आणि बाहेर असते.

सोन्याचं बोलता बोलता शिसं राहून जातं, आणि ते राहू नये. यात्रेकरू कँटरबरीहून परतताना शिसं-कथिलाचे स्वस्तातले बिल्ले आणि इवल्या कुप्या घेऊन येत. आपण ज्योतिबाचा गुलाल आणि पंढरपूरचा बुक्का आणतो तसं. कुपीत पवित्र पाणी, बेकेटच्या रक्ताचा अंश मिसळलेलं म्हणून सांगितलेलं. लंडनला थेम्सच्या चिखलात असे बिल्ले ढिगानं मिळाले आहेत. कुप्या मात्र मिळतात शेतांत, गावापासून दूर, आणि बऱ्याच कुप्यांचं तोंड मुद्दाम चेपून उघडलेलं. नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा काही अभ्यासकांनी म्हटलं की या हरवलेल्या नाहीत. लोक पीक चांगलं यावं म्हणून हे तीर्थ शेतात शिंपडत असावेत आणि कुपी तिथेच टाकत असावेत. गंगेचं पाणी शिवारात शिंपडणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. एकेक कुपीची किंमत किरकोळ. पण हजार कुप्या हजार ठिपक्यांवर ठेवल्या तर कुठल्याही बखरीत न आलेला शेतकऱ्याचा एक विधी दिसू लागतो. मला निवड करायला सांगितली तर एका सोन्याच्या दागिन्यापेक्षा मी हे ठिपके घेईन.

मधल्या थरातल्या वस्तूही सांगण्यासारख्या. संताची आकृती कोरलेल्या अंगठ्या. ‘नाझरेथचा येशू’ ही अक्षरं असलेल्या चांदीच्या पिना, अचानक मरण येऊ नये म्हणून. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या कास्पर, मेल्किओर, बाल्थाझार या तीन राजांची नावं कोरलेल्या अंगठ्या, पुन्हा फेफऱ्यावर. फेफऱ्याची एवढी धास्ती का असावी? दिसतो धडधाकट माणूस, आणि क्षणात जमिनीवर, तोंडाला फेस. आपल्याकडेही त्याला बाहेरचं म्हणून कांदा आणि चप्पल हुंगवत होते, फार जुनी गोष्ट नाही. इंग्लंडचे राजे तर गुड फ्रायडेला स्वतः अंगठ्या मंत्रून देत, फेफरं आणि पेटके यांवर उतारा म्हणून.

आपल्याकडे शेतात असं काही निघालं तर? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून आहे. त्याच्या व्याख्येतही जमिनीत ‘दडलेली’ मौल्यवान वस्तू असंच म्हटलं आहे. किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. निधी बेवारस ठरला, जागेचा मालक दुसरा असेल आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक हिस्सा मालकाचा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष कायदा आहेच. प्रत्यक्षात गावात कुंडी निघाली की बातमी कचेरीत पोचायच्या आधी सोनाराकडे पोचते. आणि गुप्तधन म्हटलं की आपल्याकडे यंत्राआधी मांत्रिक आठवतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून काय ते समजा.

तिकडे नोंदणी अधिकारी नवख्या शोधकाला पहिली सूचना देतात ती खणण्याची नाही, हात आवरण्याची. मिळालं की नळाखाली धरू नका, ब्रश लावू नका, झाकण असेल तर उघडू नका. सोन्याला पाण्यानं काही होत नाही, पण आतल्या कापडाला, धाग्याला, मेणाच्या थेंबाला होतं. मिडलहॅमच्या ताइतातलं रेशीम पाचशे वर्षं टिकलं ते सोन्याच्या बंद डबीत होतं म्हणून, आणि पुढे टिकलं ते जाणत्या हातांनी उघडलं म्हणून.

माझी नळी उघडी होती आणि कागद ओढ्यात गेला. परस विकलं, तिथे आता पत्र्याची शेड आहे. खालच्या मातीत तांब्याचा तेवढा तुकडा अजून असेल. कुणी यंत्र फिरवलं तर वाजेल.